तारेआडची मुसळी

दोरीच्या चौकोनात गुडघे टेकून बुद्धप्रियाने तिसऱ्यांदा मोजलं. चारच. पाच वर्षांपूर्वी याच चौकोनात तिने सत्तावीस जाती लिहून घेतल्या होत्या. रानहळद होती, अमरकंद होता, शतावरी होती आणि सगळ्यांत मोलाची पांढरी मुसळी. आता जिकडेतिकडे डोक्याइतकी उंच घाणेरीची झुडपं माजली होती आणि त्यांच्याखाली नुसती काळी माती.

किनवटच्या या जंगलात मुसळी उरली होती ती एवढ्या एका उतारावर. बाकीची व्यापाऱ्यांच्या माणसांनी मुळासकट उपसून नेली. हा तुकडा तरी वाचावा म्हणून बुद्धप्रियाने जंगल खात्याचे उंबरे झिजवले, तारेचं कुंपण घालून घेतलं आणि गावातल्या बायांना बजावलं की इथे खणायचं नाही, ढोर सोडायचं नाही, कोयता लावायचा नाही. पाच वर्षं कुणाचंच पाऊल आत पडू नये, असं अभ्यासात ठरलं होतं. मग तीही लातूरच्या कॉलेजात शिकवत बसली, इकडे फिरकली नाही. राखणीला सख्खी आई होती, त्यामुळे घोर नव्हता.

आई, सरजाबाई, शेजारी बसून बोटांनी माती उकरत होती. घट्ट झाली, म्हणाली. मग भाकरी कशी थापतात ते सांगावं तितक्या सहज सांगू लागली. बाया पहारीनं जमीन पोकळ करायच्या, जाड मुळ्या काढून घ्यायच्या आणि कोंब फुटायचा डोळा तेवढा परत खड्ड्यात ठेवून टाचेनं दाबायच्या. घाणेरी दिसली की सरपणाला तोडायच्या. उघड्या मातीला ऊन लागायचं, पुढच्या साली एकाची दोन व्हायची. सरजाबाईची सासूही असंच करायची.

आपल्या प्रबंधात बुद्धप्रियाने व्यापाऱ्यांना आणि या बायांना एकाच रकान्यात बसवलं होतं, माणसांचा उपद्रव म्हणून.

कुठेतरी मुसळीचं एखादं रोप असेल, तिने विचारून पाहिलं. सरजाबाईने नकारार्थी मान हलवली. ती दोन पावसाळे सगळ्या डोंगरानं हिंडून आली होती.

"म्हणजे तुला दिसत होतं, माय?"

"हाव. दुसऱ्या सालापसनंच. फुलं कमी कमी व्हत गेली."

"मंग बोलली का न्हाईस?"

सरजाबाईने लेकीच्या बाहीला चिकटलेली कुसळं एकेक करून काढली. तिला लेकीचा राग नव्हता, हेच बुद्धप्रियाला सोसेना.

"बाया तारंपाशी येऊन म्हनायच्या, खनू दे, समदं मरून राहिलंय. म्या काठी घिऊन हाकलल्या. म्हनलं, मही लेक लई शिकली हाय. तिला आपल्यापरीस जास्त कळतंय."