गॅसवरचं चिकन चिली

मागच्या अंगणातली चूल नुसती धुमसत होती. सरपण ओलं, आणि चिकन चिलीला तर मोठी आच हवी. शितलनं मोबाइलवर तसं पाहिलं होतं. शेवटी तिनं कढई उचलली आणि सरळ घरातल्या गॅसवर ठेवली.

या घरात असं कधी घडलं नव्हतं. सासूच्या, गिताबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. शितलचा नवरा हनुमंत लहान पोरगा होता तेव्हापासूनची. कोंबडी शिजायची ती बाहेर, वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडं उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पण गिताबाई शेजारच्या चांगुणाच्या घरी हळदीला गेल्या होत्या, इतक्यात येणार नव्हत्या.

पोरांनी, रुद्र आणि प्रगतीनं, आठवडाभर डोकं खाल्लं होतं. वरवंडच्या चौकातल्या गाडीवरचंच चायनीज पाहिजे. गाडीवरची प्लेट म्हणजे दोन घासांचा खेळ. म्हणून शितलनं थोडं चिकन आणलं, हाडं काढून बारीक तुकडे केले, मैदा आणि कॉर्नफ्लॉवरचा जाड थर देऊन तळले. मग सोया सॉस, ढोबळी मिरची आणि भरपूर कोबी. कोंबडी नावाला आणि कोबीच फार, पण रंग अगदी गाडीवरचा.

तिनं गॅस बंद केला आणि दारात गिताबाई उभ्या.

"काय गं, लई वास सुटलाय."

"गोबी मंचुरियन हाय, आत्या," शितलच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. हंडा घेऊन ती बाहेर पळाली. परत येऊन बघते तर गिताबाई पाटावर बसलेल्या आणि हातातली वाटी रिकामी.

"गोबी लई मऊ झालीया," त्या म्हणाल्या, आणि वाटी बोटानं पुसून घेतली.

इतक्या वर्षांचं व्रत, आणि तिनं एका खोट्यापायी मोडलं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हनुमंत कुरकुंभच्या कंपनीतली ड्युटी करून आला. ताटं वाढली. "आई, गाडीपेक्षा भारी झालंय," रुद्र म्हणाला, तशी तिची मान आणखी खाली गेली. उरलेले तुकडे तिनं पोरांच्या ताटात सारले आणि स्वतः चटणीशी भाकरी मोडली. गिताबाईंनी एकदा तिच्या ताटाकडं पाहिलं आणि त्या उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

त्यांना कळलं असणार. शितलला आता लपवणं सोसवेना. ती बाहेर गेली आणि त्यांच्या पायाशी बसली.

"आत्या, मला काय बोलायचं ते बोला. ती गोबी न्हवती. चिकन व्हतं. घरातल्या गॅसवर केलं, आन् वर खोटं बोलले. तुमची माळ मी बाटवली."

शितलला रडू आवरेना.

"पहिल्याच घासाला कळलं मला," गिताबाई म्हणाल्या.

"मग थुकलं का न्हाई?"

गिताबाईंनी आत पाहिलं. हनुमंत पोरांशी बोलत होता. त्यांनी आवाज बारीक केला, आणि शितलकडं बघायचं टाळलं. लाज जणू त्यांनाच वाटत होती.

"तू का न्हाई खाल्लंस?"

"माझं पोट दुखतंय, आत्या."

"व्हय. मी बी हेच सांगायचे. हनुमंत रुद्राएवढा व्हता तवा. घरात मटान यायचं वाटीभर, आन् खाणारी तोंडं सात." त्यांनी पदर सावरला. "पर दर खेपंला पोट दुखतंय म्हणलं, तर कोण खरं मानतंय? मंग माळ घातली."