ओवाळणी

कारखान्याच्या पाण्याने विहीर नासली म्हणून साजगावच्या इंदूबाईने तीन वर्षं अर्ज केले, आणि आज तपासणीला सरकारी समितीचे अध्यक्ष खुद्द येणार होते! आरतीचं ताट आणि विहिरीच्या लाल पाण्याची बाटली घेऊन ती सकाळपासून वेशीवर उभी. गाडी आली तशी ती गर्दीतून मुसंडी मारून पुढं झाली. अध्यक्षसाहेबांना कुंकू लावलं, ओवाळलं, पुराव्याची बाटली त्यांच्याच हातात दिली. डोळे पुसताना तिचं लक्ष ड्रायव्हरकडे गेलं. तिचाच पोरगा जितेश! त्याच कारखान्याच्या मालकांना पोचवायचंय म्हणून पहाटेच घरातून निघालेला.

"अरं, तू हितं? मालकांना कुठं सोडलंस?"

जितेशने मान खाली घातली.

"आत्ताच ओवाळलंस की त्यांना, आये."