आणखी काही?

मोठे डॉक्टर कोपऱ्यातून खोकायचे. म्हणजे, पुरे झालं, आता पेशंटला उठव.

शिकाऊ डॉक्टरणीला तो खोकला पाठ होता. ती पेशंट तपासायची आणि मोठे डॉक्टर मागच्या खुर्चीत बसून बघायचे. पेशंटसमोर शिष्याला टोकायचं नाही, हा त्यांचा मोठेपणा. चुकली की नुसतं खोकायचं. बाकीची हजेरी नंतर, दार लावून. आज सोक्षमोक्ष होता. ती एकटीने पेशंट बघण्याजोगी झाली की नाही, ते आज ठरणार होतं. झाली, तर ती खुर्ची कोपऱ्यातून हलणार. नाही, तर आणखी वर्षभर पाठीमागे खोकला.

समोर शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. गुडघा दुखतो म्हणून आलेला. गुडघा बघून झाला, गोळ्या सांगून झाल्या, गडी अर्धा उठलाही. पण पुरता काही उठेना. हातातल्या किल्ल्या फिरवत राहिला.

"आणखी काही?" तिने विचारलं.

झालं! हा प्रश्न या दवाखान्यात वर्ज्य. बाहेर बाकडी भरलेली असताना असं विचारणं म्हणजे आपणहून घोळ अंगावर घेणं, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. आणि त्यांचं म्हणणं मोडायची आजवर कोणाची बिशाद झाली नव्हती.

लगेच खोकला आला. खणखणीत.

तिने मान वळवली नाही. ड्रायव्हर गप्प, तीही गप्प. एकदा विचारलं ना, मग माणसाला उत्तर द्यायला सवड द्यायची. नापास तर नापास.

पाठीमागून पुन्हा खोकला. मग त्याला लागूनच आणखी एक, खोल, दाबूनही न दबलेला.

"तसं काही नाही," ड्रायव्हर शेवटी म्हणाला. "कधी कधी डाव्या डोळ्यापुढे पडदा येतो. मिनिटभर. मग जातो आपला आपण."

"गाडी चालवताना?"

किल्ल्या फिरायच्या थांबल्या. "परवा आला होता. पोरं होती गाडीत."

तिने त्याला परत खाली बसवलं. नाडी पाहिली, ती अडखळत होती. रक्तदाब पाहिला. मग आवाज न चढवता सांगितलं की आज गाडीला हात लावायचा नाही, इथून थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि कोणाला तरी सोबत घेऊन जायचं. "शाळेला आत्ताच कळवा. इथून, माझ्यासमोर." त्याने फोन लावला. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "बरं झालं विचारलंत, मॅडम. घरी सांगायची हिंमत होत नव्हती."

बायको येऊन त्याला घेऊन गेली. मोठ्या डॉक्टरांनी दार लावलं.

"किती वेळ घेतलास?"

"लागला तेवढा."

"एकदा दान बरोबर पडलं म्हणून शेफारू नकोस. उद्या प्रत्येकाला असंच विचारत बसलीस, तर बाहेरच्यांनी काय करायचं? मी तीनदा खोकलो. कानात बोळे घातले होतेस?"

एरवी ती मान खाली घालून ऐकायची. आज घातली नाही.

"दोनदा, सर."

"काय दोनदा?"

"दोनदा मला थांबवायला खोकलात. तिसरा खोकला माझ्यासाठी नव्हता. तो कधीपासून आहे?"

मोठ्या डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "विषय बदलू नकोस. इथे तुझी परीक्षा चाललीय."

"हो. आणि मी प्रश्न विचारलाय."

"धूळ आहे सगळीकडे. धुळीचा खोकला."

मघाशी ड्रायव्हरसमोर राहिली होती, तशीच गप्प राहिली. तिला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांची काळजीही वाटत होती, पण त्यातलं एकही तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. पेशंटचं स्टूल तेवढं पायाने पुढे सरकवलं.

"तुझं वर्ष माझ्या हातात आहे, विसरू नकोस," ते म्हणाले.

"विसरले नाही. घ्या वाढवून. पण आधी बसा. कमरेच्या पट्ट्याला तुम्ही दोन नवी भोकं पाडलीत, सर. ती काय धुळीने पाडली?"

मोठ्या डॉक्टरांचा हात पट्ट्यावर गेला. त्यांनी तोंड उघडलं ते तिला झापायला, आणि तेवढ्यात तो खोकला आला. लवकर थांबेना. थांबला तेव्हा ते स्टुलावर बसलेले होते. केव्हा बसले, त्यांनाही कळलं नसावं.

कंपाउंडरने दार किलकिलं केलं. "मोठे डॉक्टर, बाहेर लोक कुरकुर करतायत. पुढचा पाठवू का?"

ते उठायला लागले. तिने स्टेथोस्कोप कानाला लावला आणि दाराकडे न बघता म्हणाली, "थांबा म्हणावं. आत पेशंट आहे."

दार लागलं. तिने सदरा वर करायला सांगितला, पाठीवर हात ठेवला, ठोकून पाहिलं, ऐकलं. श्वास घ्या म्हणाली, सोडा म्हणाली. ते तिचं सांगितलेलं ऐकत गेले. रात्री घाम येतो का, तिने विचारलं. येतो, म्हणाले. घरी माहीत आहे का? नाही.

"आणखी काही?" तिने विचारलं.

मोठ्या डॉक्टरांनी मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं. खुर्ची रिकामी होती.