आवळेकाकांचा खांदा

मृण्मयीने आवळेकाकांचा आखडलेला हात हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. दोघांच्याही दंडाला एकसारखे पट्टे होते आणि त्यांतून काकांची कळ तिच्या खांद्यात उमटत होती. पूर्वीचे फिजिओथेरपिस्ट रुग्णालाच विचारायचे, दहापैकी किती दुखतंय. आता असं विचारणं अडाणीपणाचं समजलं जाई.

काकांना घाम फुटला. "थांबता का जरा, मॅडम?"

"एवढं दुखत नाहीये, काका. मला कळतंय ना."

"हो, तेही खरंच." ते ओशाळून हसले. "आयुष्यभर एसटी चालवली, आणि आता शर्ट घालताना रडू येतं. बायको म्हणते, नाटकं पुरे. माझंच मन कच्चं झालंय बहुतेक."

मृण्मयीचा हात थांबला. दिवसभराच्या रुग्णांच्या कळा सोसवत नाहीत, म्हणून सकाळी आल्याआल्या ती आपल्या पट्ट्याची तीव्रता अगदी कमी करून ठेवायची. विभागात सगळेच ठेवायचे, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे.

तिने आपल्या पट्ट्याचं बटण पूर्ण तीव्रतेपर्यंत फिरवलं आणि काकांचा हात पुन्हा उचलला, मघापेक्षा कमीच. दुसऱ्याच क्षणी ती खांदा दाबून खाली बसली.

"काय झालं?" काका घाबरले.

"तुमचं मन कच्चं नाही, काका. माझा पट्टा मी कमी करून ठेवला होता."

काका तिच्याकडे वाकले. मग म्हणाले, "मग करा ना परत कमी. दोघांनी कशाला सोसायचं?"

तिला मान वर करवेना. खाली बघतच तिने विचारलं, "काका, दहापैकी किती दुखतंय?"