मामर मास्तरांच्या सूचना

"मावशी, पुन्हा तळलेलं?"

मामर मास्तरांनी टोपलीवरचं फडकं उचललं आणि कपाळाला हात लावला. आत खिमा भरलेल्या बुरेकांची चळत होती आणि शेजारी मधात निथळणारी, जिलबीसारखी झलाबिया.

"मागच्या गुरुवारी काय सांगितलं होतं मी? खजूर, दही, फार तर उकडलेलं अंडं. हे असलं खाऊन पोरगं पुस्तकावर डोकं टेकून घोरत पडेल."

"आईचा जीव हो, मास्तर," झुलीखा पुटपुटली. "लहानपणापासून आवडतात त्याला."

"थोडे दिवस कळ काढा. परीक्षा झाली की खुशाल चारा."

झुलीखाने मान डोलावली. पुढच्या गुरुवारी तिने दुप्पट बुरेक आणले.

चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले मामर मास्तर तियारेत शहरातल्या या संस्थेत हौसेने शिकवायला येत. हुशारी नंतर, आधी सवयी, असं त्यांचं ठाम मत. आणि वलीदसारखा विद्यार्थी त्यांना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. पहाटेच्या अजानआधी उठायचा. समजलं नाही तर विचारल्याशिवाय वही मिटायचा नाही. जुन्या प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवायचा आणि झालेल्या चुका वेगळ्या वहीत उतरवून ठेवायचा. वर्षभरात एका तासाला दांडी नाही. मास्तर सगळीकडे त्याचं कौतुक सांगत सुटायचे.

"बकालोरियाला, या शालान्त परीक्षेला, कॉपी होऊ नये म्हणून सरकार अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद करतं," ते हसत म्हणाले. "आमच्याकडे बारा महिने बंद! मोबाइल नाही, टवाळ मित्र नाहीत, नाक्यावरचा कॅफे नाही. अभ्यासाला याहून चांगली जागा दाखवा मला, मावशी."

झुलीखाला हसू आलं नाही. निकालाचा विषय निघाला की ती टोपलीवरचं फडकं उगाच नीट करू लागे. तीन वर्षं या एका परीक्षेचं सावट तिच्या घरावर होतं. मागच्या खेपेला वलीद थोडक्यात नापास झाला, तेव्हा ती दोन दिवस नुसती झोपून होती.

"यंदा त्याला राहू द्यायचं का?" तिने भीत भीत विचारलं. "वाळलाय किती. पुढच्या वर्षी बसेल."

"काहीतरीच काय! पोरगं तयार आहे, तुम्ही कशाला कच खाता? आणि हे बघा, घरच्या कटकटी त्याच्या कानावर घालू नका. मन शांत हवं."

भेटीला पंधरा मिनिटं मिळत. तेवढ्या वेळात झुलीखाने मामाने जैतुनाची बाग परस्पर विकल्याचं सांगितलं, छत गळतंय हे सांगितलं, आपली साखर वाढल्याचंही सांगितलं. वलीदने सगळं ऐकून घेतलं.

"यम्मा, हे परीक्षेनंतर बघू. आता डोक्यात दुसरं काही घ्यायचं नाही." मग त्याने विचारलं, "हयात कशी आहे? कधी येत नाही ती."

"शिवणकाम फार असतं तुझ्या बहिणीला."

"तिला सांग, मी आता काहीच विसरत नाही. सगळं तोंडपाठ असतं." तो हसला.

झुलीखाही कशीबशी हसली. परतीच्या बसमध्ये मात्र तिला रडू आवरेना. पोरगं इतकं जिवापाड शिकत होतं आणि तिच्या हातात काही म्हणजे काहीच नव्हतं.

खालच्या मजल्यावरच्या फरीदाने जिन्यातच तिला गाठलं. या गावात बिऱ्हाड केल्यापासून दोघींचं चांगलं जमलं होतं. झुलीखाचा मुलगा तियारेतला राहून शिकतो, एवढंच फरीदाला माहीत होतं.

"आजही झलाबिया नेलीस? अगं, तुझ्या लाडानेच नापास होईल तो! परीक्षेच्या तोंडावर दुष्मनसुद्धा असलं चारत नाही." मग ती स्वतःच्या दुःखावर आली. "आणि आमची सबरीन! पुस्तक उशाखाली घेऊन झोपते. अक्षरं खालून वर झिरपतात म्हणे."

परीक्षेच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या बायका दर्ग्यावर मेणबत्त्या लावायला गेल्या. फरीदाने अर्धी गल्ली ऐकेल अशा आवाजात दुवा मागितली. झुलीखा कोपऱ्यात डोळे मिटून बसली. इतक्या कळकळीने तिने उभ्या आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

"काय मागितलंस गं एवढं?" फरीदाने विचारलं.

"निकालाचंच," झुलीखा म्हणाली आणि ओढणीने तोंड पुसून उठली.

निकालाच्या दुपारी घराघरांतून बायकांचे आनंदाचे चित्कार उठू लागले. सबरीन दोन गुणांनी नापास झाली होती, त्यामुळे खालचा मजला गप्प होता. झुलीखा सकाळपासून फोनसमोर बसून होती. चौथ्यांदा वाजला तेव्हा तिने तो उचलला.

"मावशी, पास! वीसपैकी पंधरा!" मास्तर अक्षरशः ओरडत होते. "इथे सगळ्यांत वरचा नंबर आपल्या वलीदचा!"

त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला असावा. फरीदा स्वतःचं दुःख गिळून धावत वर आली आणि झुलीखाला मिठी मारून म्हणाली, "पावली गं तुझी झलाबिया!" मग सगळ्यांना सांगायला ती तशीच खाली पळाली.

"खरी बातमी तर पुढेच आहे," मास्तर म्हणाले. "दर वर्षीसारखी यंदाही पास झालेल्या कैद्यांना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली आहे. वलीदची उरलेली पाच वर्षं रद्द! शनिवारी सकाळी तुरुंगाचं दार उघडेल आणि तुमचं लेकरू घरी येईल. बघा, चांगल्या सवयी माणसाला कुठून कुठे नेतात!"

झुलीखाने त्यांचे आभार मानले आणि फोन ठेवला. मग ती आतल्या खोलीत गेली. हयात शिवणयंत्र थांबवून तिच्याकडेच बघत होती.

"बॅग भर, पोरी," झुलीखा म्हणाली. "मागच्या वेळी त्याने तुझ्यावर सुरा उगारला तेव्हा मी त्याचा हात धरून ठेवला होता. आता माझ्या हातात तेवढा जोर नाही."