गुडघाभर रस्ता

दुर्गेशने गॅरेजचं शटर वर ढकललं. समोरचा नवा सिमेंटचा रस्ता त्याच्या गुडघ्याला लागत होता.

रस्त्यावर पाणी मारून झालं होतं, कालपासून वाहतूकही सुरू झाली होती. मनीषनगरच्या त्या गल्लीतले लोक आपापल्या स्कूटरी फळीवरून चढवून कामालाही लागले होते. दुर्गेशची गाडी मात्र लाल, दोन माणसांची, छप्पर उघडणारी आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. लकडगंजात जन्मभर लाकडाचा धंदा करून पन्नाशीला त्याने ही एकच हौस केली होती. घेतली उन्हाळ्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात छप्पर उघडलं तर माणसाचा पापड होतो, आणि पावसाळ्यात उघडण्याचा प्रश्नच नव्हता. उरला हिवाळा, तर दिवाळीपासून रस्त्याच्या कामामुळे गाडी गॅरेजात कोंडलेली.

त्यात रस्ता त्यानेच आणलेला. जुन्या रस्त्याचे खड्डे गाडीच्या पोटाला लागतात म्हणून त्याने दारोदार फिरून सह्या घेतल्या, महापालिकेत खेटे घातले, भूमिपूजनाचा नारळही स्वतःच्या हाताने फोडला. जुना रस्ता न खोदता त्याच्याच डोक्यावर नवा टाकतील, हे नारळ फोडताना त्याच्या मनातही आलं नाही. घरासमोरचे उतार नाली आणि कडेच्या फरशीचे गट्टू झाल्यावर करू, होळीपर्यंत होतील, असं ठेकेदाराच्या माणसाने सांगितलं होतं. होळी म्हणजे पुन्हा ऊन.

गॅरेजात स्टुलावर त्याची आई, सिंधूताई, तयार होऊन बसली होती. ठेवणीतलं पातळ, शाल, कानाला मफलर, मांडीवर तिळगुळाचा डबा. उमरेडला तिचे थोरले भाऊ रामाजी रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसतात. त्यांच्यासमोर या उघड्या गाडीतून उतरायचं, एवढंच तिला हवं होतं. त्यांच्याकडे ती आजवर एसटीनेच गेली होती. दर रविवारी ती अशी तयार व्हायची आणि दुपारी शाल घडी करून ठेवायची. दुर्गेशला ते पाहवत नसे, आणि पाहवत नसे म्हणून तो सगळ्यांवर चिडायचा.

आज त्याने वखारीतून सागाच्या जाड फळ्या आणल्या होत्या. त्या रस्त्याच्या काठाला टेकवून त्याने गाडी हळूहळू चढवली. पुढची चाकं वर गेली, मग पोट काठावर बसलं आणि खालून असा करकरीत आवाज आला की त्याने झटकन ब्रेक दाबला. शेजारच्या भैय्याजींनी आणखी चार जण जमवून गाडी मागे गॅरेजात ढकलून दिली. जाता जाता, रस्ता मात्र झकास झाला बरं का, असंही ते म्हणाले.

दुर्गेशने एक फळी उचलून भिंतीवर आदळली. त्याची बायको मिनल आवाज ऐकून बाहेर आली. टॅक्सी बोलावू या, आई दुपारपर्यंत उमरेडला जाऊन येतील, असं तिने सुचवलं.

"टॅक्सीनं जायचं असतं तं एसटीनंच नसती गेली का मी," सिंधूताई म्हणाली.

"मग काय करू आई? गाडी डोक्यावर घेऊन जाऊ?"

आवाज नको तितका चढला होता. सिंधूताईने डब्याचं झाकण उगाच घट्ट बसवलं. दुर्गेशला स्वतःची लाज वाटली, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला. तो गाडीत जाऊन बसला, दार आपटलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवून राहिला.

थोड्या वेळाने दुसरं दार उघडलं. गुडघ्यांवर हात देत, एकदा चुकून आणि एकदा नीट, सिंधूताई शेजारच्या सीटवर उतरली. गाडी इतकी खाली होती की ती बसली नाही, पडलीच.

"छप्पर तं उघड," ती म्हणाली.

"गाडी जाऊन नाही राहिली आई. छप्पर कशाले उघडू?"

तिने डबा मांडीवर नीट ठेवला. अखेर त्याने बटण दाबलं आणि छप्पर घडी होऊन मागे गेलं. वर गॅरेजचं छत होतं आणि एक कोळिष्टक. सिंधूताईने पदर डोक्यावरून घेतला, मफलर सारखा केला आणि बराच वेळ वाट पाहिली.

"हवा तं लागूनच नाही राहिली."

मिनल दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. आता दोघांचं काय करावं तिला कळेना. गॅरेजच्या कोपऱ्यात जुनी चादर बांधून घरचा कूलर हिवाळ्यापुरता झाकून ठेवला होता. तिने चादरीच्या गाठी सोडल्या, कूलरचा स्टँड ढकलत गाडीच्या नाकासमोर आणला आणि वायर लावली.

पंखा आधी कुरकुरला, मग सुटला. गेल्या उन्हाळ्याची धूळ आणि कूलरच्या ताटीतल्या वाळलेल्या गवताच्या काड्या दोघांच्या तोंडावर आल्या. थंडीत गार वाऱ्याचा झोत, दुर्गेशच्या अंगावर काटा आला. बंद करायला सांगावं म्हणून तो वळला.

आईचा पदर मागे उडत होता. एका हाताने तिने तो धरला होता, दुसऱ्या हाताने तिळगुळाचा डबा, आणि डोळे बारीक करून ती समोरच्या रस्त्याकडे पाहत होती.

"हळू चालव गा," ती म्हणाली. "उमरेड येऊन जाईल."