दोन थापा

अंथुर्ण्याच्या ज्ञानदेव तात्यांच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीनं माझ्यासारख्या मेकॅनिकला आठवडाभर छळलं. कन्हेरी फाट्यावर आली की गिअर स्लिप व्हायचा. इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी हलायची नाही. ऑइल बदललं, गिअरबॉक्स खोलला, पण दोष सापडेना.

आज भर दुपारी फाट्यावर वैतागून खिडकीतनं हात बाहेर काढला आणि सीटवारी प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपला मारतात तशा पत्र्यावर दोन थापा मारल्या. गाडी भर्रकन निघाली!

"तात्या, घावलं!" मी शेजारी बसलेल्या तात्यांना ओरडून सांगितलं.

तात्या हसले नाहीत. "दोन म्हंजे चला. एक म्हंजे थांबा. वडापचा नियम हाय, अनुप."

"ठावं हाय की!" मी खुशीत वेग वाढवला.

माझे हात स्टिअरिंगवर होते, तात्यांचे मांडीवर, मागची सीट रिकामी. मागच्या पत्र्यावर एक थाप पडली आणि गाडी थांबली.